उजनीच्या काठी एक रविवार

गळ घेऊन सहलीला निघालो म्हटल्यावर शेजारीपाजारी हसले. आपल्या लोकांची सहल म्हणजे महाड, दीक्षाभूमी, अजिंठा. मासे धरायला कोणी मुलाबाळांसह जाते का? पण आमच्या आईचे वय ऐंशीला टेकले आहे आणि तिचे माहेर भीमाकाठचे. ते गाव उजनी धरणात गेले. निदान ते पाणी तरी मुलांना दाखवावे म्हणून मार्चमधल्या एका रविवारी आम्ही पाचजण सोलापूरहून गाडीत बसलो. कुर्डुवाडी, केम, जेऊर मागे टाकून पारेवाडीला उतरलो आणि केत्तूरच्या बाजूला पाण्याचा काठ गाठला.

धरण 1980 साली पूर्ण झाले. भिंत माढा तालुक्यात, पण अडलेले पाणी करमाळा, इंदापूर, दौंडपर्यंत पसरले आहे. भरले की 117 टीएमसी. सोलापूरच्या नळाला येते ते हेच पाणी. नळाच्या पाळीची वाट पाहण्यात आमचे निम्मे आयुष्य गेले, आणि इथे नजर पोचेल तिथवर पाणीच पाणी!

नावेत बसायचा मुलांचा हट्ट आम्ही चालू दिला नाही. 21 मे 2024 रोजी याच पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळात उलटून सहाजण बुडाले होते. काठच बरा. जवळच जाळे वाळवत बसलेल्या एका भोई काकांना विचारून, त्यांच्या जाळ्यांच्या आड येणार नाही अशा जागी आम्ही बसलो. वेळूची काठी, तंगूस, गळाच्या वर शिशाचा तुकडा आणि तरंगायला मोरपिसाचा देठ. गळाला कणकेची गोळी. उत्तर ध्रुवाकडच्या थंड मुलखात हौशी लोक पिसांची खोटी माशी बांधून मासे धरतात आणि धरून परत सोडतात. नुसत्या मौजेसाठी मुक्या जिवाच्या जबड्यात काटा रुतवायचा, हे काही आम्हांला पटले नाही.

त्या मुलखातला एक पाहुणा मात्र आमच्या पुढ्यातच होता. चिखलात तुरुतुरु पळत किडे टिपणारा टिलवा. चिमणीएवढा जीव, पण अंडी घालतो ध्रुवाजवळच्या माळांवर आणि हिवाळा काढायला येतो आपल्याकडे. दूर उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची रांग उभी होती. धाकटा बराच वेळ मासे विसरून टिलवेच मोजत बसला.

आई काही बोलत नव्हती. मग हात लांब करून म्हणाली, “तिकडं आमचं गाव. तितंच हीर व्हती. आमी घागर घिऊन लांब हुबं ऱ्हायचं. कुनाला दया आली तर वरनं वतायचं, न्हाईतर दुपार व्हायची.” थोरलीने विचारले, “आजी, मग ती विहीर?” आई म्हणाली, “गेली की पान्यात. बरं झालं.”

गाव उठले तेव्हा जमीनवाल्यांना मोबदला मिळाला. आईच्या माहेरी जमीनच नव्हती. भाऊ सोलापूरला गिरणीत आले, ते तिथलेच झाले.

20 मार्च जवळ आला होता. 1927 साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते मुलांना शाळेच्या पुस्तकापेक्षा इथे सांगणे सोपे गेले. आई उठून पाण्यात उतरली, ओंजळ भरली, तोंडाशी नेली आणि आम्हीच ओरडलो, “पिऊ नको!” पुणे, पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नद्यांतून इथेच येते. काठाला हिरवी साय होती, वास होता. आईने आमच्याकडे पाहिले. ओंजळ खाली सोडली आणि पाय मात्र घासून घासून धुतले. आम्हांला फार वाईट वाटले. जन्मभर जे पाणी दुसऱ्यांनी अडवले, ते शेवटी आम्ही अडवले.

तेवढ्यात थोरलीची काठी वाकली. चिलापी! ओढून काढली तर तिच्या तोंडातून इवलीइवली पिल्ले सांडू लागली. या जातीची मादी अंडी-पिल्ले तोंडात सांभाळते. मूळचा हा मासा आफ्रिकेतला, आता उजनीत त्याचेच राज्य. थोरलीला रडू आले. “पप्पा, पाणातिपाता वेरमणी आपण रोज म्हणतो ना?”

प्रश्न खरा होता. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी गरजेपोटी मारणे आणि मारण्याच्या इच्छेने मारणे यांत फरक केला आहे, एवढे आम्ही सांगितले. तिचे समाधान झाले असे म्हणवत नाही. ती चिलापी आम्ही पाण्यात सोडली. सांडलेली पिल्लेही धाकट्याने ओंजळीने पाण्यात लोटली. नंतर दोन लागल्या, त्या ठेवल्या. दोन चिलाप्यांत पाचजणांचे काय होणार? म्हणून भोई काकांकडून किलोभर रोहू घेतला.

रात्री घरी कालवण झाले. थोरलीने नुसती रस्सा-भाकरी खाल्ली. आईने डोक्याचा तुकडा मागून घेतला आणि काटे काढता काढता विचारले, “त्या काठाला परत कवा जायाचं?”