कुलूप नसलेले दार

स्वित्झर्लंड आणि इटली या दोन देशांच्या सीमेवर, आल्प्स पर्वताच्या रांगेत, २४६९ मीटर उंचीवर ग्रेट सेंट बर्नार्ड नावाची एक खिंड आहे. खिंडीच्या ऐन माथ्यावर एक लहानसे सरोवर आहे आणि त्याच्या काठी करड्या दगडांची एक उंच, साधी, निरलंकार इमारत उभी आहे. जाड भिंती, लहान खिडक्या आणि उतरते छप्पर. आजूबाजूला एकही झाड नाही, कारण इतक्या उंचीवर झाड जगत नाही. वर्षातील बहुतेक महिने सरोवर गोठलेलेच असते. या इमारतीला तिकडे ‘हॉस्पिस’ म्हणतात. मराठी माणूस तिला सहज ‘धर्मशाळा’ म्हणेल. सुमारे साडेनऊशे वर्षांपासून ती वाटसरूंना आसरा देत आली आहे आणि तिच्या दाराला कुलूप लावायचे नाही, ही तेथील परंपरा आहे.

उत्तरेकडील मार्टिनी आणि दक्षिणेकडील आओस्ता या दोन नगरांना जोडणारी ही वाट फार प्राचीन आहे. रोमन लोकांच्या काळात या माथ्यावर ज्युपिटर देवाचे मंदिर होते आणि सुखरूप पार झालेले प्रवासी तेथे धातूचे लहान पत्रे नवस म्हणून अर्पण करीत. पुढे हाच मार्ग रोमच्या यात्रेचा झाला. इंग्लंड आणि फ्रान्सकडील यात्रेकरू, मालाची खेचरे हाकणारे व्यापारी, मजुरीच्या शोधात निघालेले गरीब, सगळे येथूनच जात. वाट अवघड होती. हिवाळ्यात कित्येक हात बर्फ साचे, धुक्यात चार पावलांवरचे दिसत नसे आणि कडे कोसळावेत तसा बर्फ वरून घसरत येई. निसर्गाच्या जोडीला माणसाचेही भय होते. क्लुनी येथील प्रसिद्ध मठाचे प्रमुख मायोलस ९७२ साली याच मार्गावर लुटारूंच्या हाती सापडले आणि मोठी खंडणी भरल्यावरच त्यांची सुटका झाली. जिथे एवढ्या मोठ्या धर्माधिकाऱ्याची ही गत, तिथे पाठीवर गाठोडे घेऊन निघालेल्या सामान्य वाटसरूला कोण विचारणार?

त्याला विचारणारा एक माणूस अकराव्या शतकात निघाला. बर्नार्ड हे आओस्ता येथील ख्रिस्ती धर्मपीठाचे एक वरिष्ठ अधिकारी होते. खिंड उतरून येणारे लोक त्यांच्याच नगरात पोहोचत. कोणी लुटलेले, कोणी हातपाय गारठून काळे पडलेले, कोणी मागे राहिलेल्या सोबत्यासाठी रडणारे. नगरात बसून त्यांची शुश्रूषा करणे बर्नार्ड यांना शक्य होते. पण जो माथ्यावरच अडकला, तो नगरापर्यंत पोहोचणार कसा? म्हणून इ. स. १०५० च्या सुमारास त्यांनी मदतीचे घर संकटाच्याच जागी, खिंडीच्या माथ्यावर उभारले. प्रारंभीच्या काळात तेथील प्रार्थनामंदिर संत निकोलस यांच्या नावाने ओळखले जाई. ख्रिस्ती परंपरेत संत निकोलस हे प्रवासी आणि व्यापारी यांचे रक्षक मानले जातात, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

या घरात राहणारे धर्मगुरू संत ऑगस्टीन यांच्या नियमावलीप्रमाणे जीवन जगतात. त्यांचे ब्रीद असे, की येथे ख्रिस्ताची पूजा होते आणि येथेच ख्रिस्ताला जेवू घातले जाते. मत्तयकृत शुभवर्तमानात प्रभू येशूंनी अंतिम न्यायाच्या दिवसाचे वर्णन केले आहे. त्या दिवशी भुकेल्याला अन्न देणाऱ्यांना आणि परक्याला घरात घेणाऱ्यांना सांगितले जाईल, की ती सेवा प्रत्यक्ष माझीच झाली. लूक यांच्या शुभवर्तमानात रस्त्यावर जखमी होऊन पडलेल्या माणसाची कथा आहे. त्याला पाहून धर्माचे जाणकार बाजूने निघून जातात आणि परक्या मानलेल्या जमातीचा एक शोमरोनी त्याच्या जखमा बांधून त्याला धर्मशाळेत पोहोचवतो, खर्चाचे पैसेही स्वतः भरतो. या दोन शिकवणी बर्नार्ड यांच्या घराने अक्षरशः घेतल्या. दारात आलेला माणूस कोण, कोणत्या देशाचा, कोणत्या पंथाचा, हे विचारण्याचे कारणच उरले नाही. जो आला त्याच्या रूपाने प्रभू आला, अशी श्रद्धा असल्यावर त्याला आत घेण्यात उपकार कसला? उलट सेवेची संधी दिल्याबद्दल यजमानच त्याचा ऋणी.

श्रद्धा अशी सांगता येते. ती पाळणे मात्र कष्टाचे होते. हिवाळ्यात धर्मगुरू आणि त्यांचे वाटाडे भाकरी व पेय बरोबर घेऊन दोन्ही बाजूंच्या उतारांवर जात आणि अडकलेल्यांना शोधून वर आणीत. जळणाचे लाकूड खालच्या दरीतून खेचरांच्या पाठीवर येई. इतक्या उंचीवर पाणी कमी उष्णतेलाच उकळते, त्यामुळे अन्न शिजायला अधिक वेळ आणि अधिक जळण लागे. तरुणपणी वर आलेल्या अनेक धर्मगुरूंची प्रकृती काही वर्षांतच त्या थंडीने ढासळे आणि त्यांना खाली दरीत परतावे लागे. त्यांच्या जागी दुसरे तरुण येत. काही जण वाटसरूंना शोधताना स्वतःच बर्फाखाली गेले.

व्यापारी घरातील वाचकाला येथे एक प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. शेकडो वर्षे दरसाल हजारो माणसे जेवून, झोपून जात. हा खर्च चालला कसा? उत्तर ओळखीचेच आहे. ज्यांनी या वाटेचा लाभ घेतला, त्यांनी आणि त्यांच्या राजांनी, सरदारांनी संस्थेला जमिनी व इमारती दान दिल्या. बाराव्या शतकापर्यंत तिची मालमत्ता अनेक देशांत पसरली होती. पुढे त्यातील बराच भाग हातातून गेल्यावर धर्मगुरू गावोगावी फिरून वर्गणी गोळा करू लागले. पाहुण्यापुढे हिशेब ठेवण्याची पद्धत मात्र नव्हती. प्रार्थनामंदिरात एक दानपेटी असे. ज्याला जे द्यावेसे वाटे, ते तो तिच्यात टाकी. ज्याच्याजवळ काही नसे, त्याला कोणी विचारीत नसे. एकोणिसाव्या शतकात हौशी प्रवासी वाढले, तेव्हा सुखवस्तू पाहुणे साध्या खाणावळीत देतील तेवढेही पेटीत टाकीत नाहीत, अशी खंत त्या काळच्या लेखकांनी नोंदवली आहे. तरीही त्यांच्यासाठी दार बंद झाले नाही.

या घराची कीर्ती जगभर पसरली ती त्याच्या कुत्र्यांमुळे. सतराव्या शतकात राखणीसाठी पाळलेले हे धिप्पाड कुत्रे पुढे वाटाड्यांबरोबर जाऊ लागले. बर्फात बुजलेली वाट आणि बर्फाखाली गाडला गेलेला माणूस त्यांना वासाने सापडे. त्यांच्यातील बॅरी हा सर्वांत नामांकित. १८०० साली जन्मलेल्या या कुत्र्याने चाळीसहून अधिक माणसांचे प्राण वाचवले, असे सांगितले जाते. म्हातारपणी त्याला बर्न शहरात नेण्यात आले आणि तेथेच १८१४ मध्ये तो शांतपणे मरण पावला. या कुत्र्यांच्या गळ्यात मद्याचे लहान पिंप असे, ही समजूत मात्र खरी नव्हे. लँडसीअर या तरुण इंग्रज चित्रकाराने १८२० मध्ये काढलेल्या चित्रातून ती जगभर रूढ झाली. मुक्या प्राण्याने माणसाला जे दिले, ते त्याच्या श्वासाची ऊब आणि वाट ओळखणारे नाक एवढेच होते, आणि तेच पुरेसे होते.

सर्वांनाच वाचवता येत नसे. मुख्य इमारतीपासून थोड्या अंतरावर एक लहान दगडी दालन आहे. बर्फ वितळल्यावर ज्यांचे देह सापडत, त्यांना या दालनात ठेवले जाई. खडकाळ, गोठलेल्या भूमीत खड्डा खणणे अवघड होतेच. पण दुसरे कारण अधिक हृद्य आहे. कोरड्या थंडीत देह लवकर नष्ट होत नसे. कधी तरी कोणी आई, कोणी भाऊ हरवलेल्या माणसाचा शोध घेत येईल आणि चेहऱ्यावरून, अंगावरच्या कपड्यांवरून त्याला ओळखील, या आशेने ते देह तसेच राखले जात. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स १८४६ मध्ये येथे येऊन गेले आणि पुढे ‘लिटल डॉरिट’ या कादंबरीत त्यांनी या दालनाचे वर्णन केले. बाळाला उराशी धरलेली एक माता त्या वर्णनात आहे. ज्यांच्याकडून आता आभाराचा शब्दही येणार नव्हता, त्यांचेही हे घर यजमान राहिले. हे दालन आता कायमचे बंद केलेले आहे.

मे १८०० मध्ये नेपोलियनने सुमारे चाळीस हजार सैनिकांसह ही खिंड ओलांडली. जिंकायला निघालेल्या त्या सैनिकांनाही धर्मगुरूंनी भाकरी, चीज आणि द्राक्षमद्य दिले. पुढच्याच वर्षी नेपोलियनने सिम्प्लॉन खिंडीत असेच दुसरे घर बांधण्याचा आदेश दिला आणि ते याच धर्मगुरूंच्या हाती सोपवले. शेजारच्या दोन देशांत युद्ध असो वा शांतता, माथ्यावरचा नियम एकच राहिला.

खरी कसोटी पुढे आली. १९६४ मध्ये डोंगराच्या पोटातून सुमारे ५.८ किलोमीटर लांबीचा बोगदा वाहनांसाठी खुला झाला. जो घाट ओलांडताना पिढ्यान्‌पिढ्या माणसे मृत्युमुखी पडली, तो आता काही मिनिटांत पार होऊ लागला. हरवलेल्यांच्या शोधासाठी हेलिकॉप्टरे आली. २००५ मध्ये कुत्र्यांचा सांभाळही मार्टिनी येथील बॅरी प्रतिष्ठानाकडे गेला. आता ते फक्त उन्हाळ्यात वर येतात. मग हे घर कशासाठी चालवायचे? कोणत्याही पेढीवर असा प्रश्न निघाला असता, तर गिऱ्हाईक उरले नाही म्हणून दुकान आवरते घेणेच शहाणपणाचे ठरले असते.

धर्मगुरूंनी घर आवरले नाही. साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत माथ्यावरचा रस्ता बर्फाने बंद असतो. या काळातही मोजके धर्मगुरू आणि त्यांचे सहकारी तेथे राहतात. पायांना बर्फावर घसरण्याच्या किंवा चालण्याच्या पट्ट्या बांधून, दोन-तीन तास चढून माणसे येतात. त्यांना कोणी अडकवलेले नसते; ती स्वतःहून आलेली असतात. मुक्कामाचे आणि जेवणाचे रास्त पैसेही आता घेतले जातात. पण येणाऱ्यांत एखादा नुकताच जोडीदार गमावलेला असतो, एखाद्याचा धंदा बुडालेला असतो, एखाद्याला पुढची वाट दिसत नसते. वाट चुकण्याला बर्फच लागतो असे नाही, हे त्या घराने ओळखले आहे.

यात्रामार्गांवर धर्मशाळा आणि पाणपोया बांधणाऱ्या, जनावरांसाठी पांजरपोळ चालवणाऱ्या समाजाला ही गोष्ट परकी वाटणार नाही. अनुकंपादानात पात्र-अपात्राची चिकित्सा नसते, हे जैन श्रावक लहानपणापासून ऐकत आलेला असतो. तत्त्वज्ञान वेगळे, उपासना वेगळी, अन्नाचे नियमही वेगळे; तरी थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाकडे पाहण्याची दृष्टी येथे फार जवळची आहे.

हिवाळ्यात संध्याकाळ लवकर होते. खिडक्यांच्या निम्म्या उंचीपर्यंत बर्फ चढतो आणि वाऱ्याचा आवाज सोडला तर माथ्यावर दुसरा आवाज नसतो. अशा वेळी कोणी येणार आहे की नाही, हे आतल्या माणसांना ठाऊक नसते. तरी गरम चहाची तयारी असते, दिवा लावलेला असतो आणि दार नुसते लोटलेले असते.