बावधनच्या दालनातील अवचित पाहुणी

तीर्थरूप मामांस,


पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयाचा विस्तार आपल्या मुळशी तालुक्यात, बावधन येथे करण्याची योजना बरीच वर्षे चर्चेत आहे. त्या दालनासाठी घरची जुनी समई आणि वज्री द्यावी काय, असे आपण विचारले होते. याचे उत्तर, तो विस्तार कोणाला डोळ्यांपुढे ठेवून उभा राहतो, यावर अवलंबून आहे.

हे संग्रहालय मुळात एक राहते घर होते. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत आणि चष्म्याच्या दुकानावर चरितार्थ चालवीत. त्यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली, अकाली गेलेल्या राजा या मुलाचे नाव संग्रहाला दिले आणि पुढे तो सगळा महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी येथे आणून पुन्हा जुळवले, म्हणजे या घराने एक दुसरी वास्तूच पोटात घेतली. वस्तू वीस हजारांवर आणि मांडलेल्या सुमारे अडीच हजार, हे प्रमाण पाहता बाकीचा राखीव साठा, म्हणजे मांडणीत न आलेल्या आणि कपाटांत जपून ठेवलेल्या वस्तू, बाहेर आणायला नवी जागा हवी यात शंका नाही.

प्रश्न उरतो तो पाहणाऱ्याचा. अशी दालने बहुधा पर्यटक, अभ्यासक आणि शाळांच्या सहली यांचा विचार करून आखली जातात. परंतु बावधन हे पौडच्या रस्त्यालगत आहे, आणि त्या रस्त्याने दवाखान्यासाठी किंवा लेकीकडे म्हणून पुण्यात येणारी मुळशी खोऱ्यातील एखादी वृद्धा तेथे सहज शिरली, तर ती या संग्रहाची सर्वांत जाणती पाहुणी ठरेल. वज्री, म्हणजे पाय घासण्याची खरबरीत तळाची पितळी वस्तू, हिच्यावर घडवलेला पोपट किंवा घोडा अभ्यासक टिपून घेतो. ती मुठीत कशी बसते आणि भेगाळलेल्या टाचेवर किती जोराने फिरवावी लागते, हे तिला ठाऊक असते. अशा माणसाकडून ऐकून घेण्याची सोय, म्हणजे एक बाकडे, नोंद उतरवून घेणारा एक कर्मचारी आणि दोन घटका हातात घेता येतील अशा काही वस्तू, नकाशातच असावी.

याला मुळशीचा इतिहासही कारण आहे. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळा-निळेच्या संगमावर धरण होऊ लागले, तेव्हा १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या पुढाकाराने मावळ्यांनी सत्याग्रह केला, तरी गावे बुडालीच आणि पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. ज्या संग्रहालयाची ख्याती दिव्यांसाठी आहे, त्याने या तालुक्यात येताना उजेडासाठी घरे गमावलेल्यांचे दिवेही मांडावेत. राजवाड्यांतल्या दीपलक्ष्म्यांशेजारी खोऱ्यातले साधे लामणदिवे लागले पाहिजेत, आणि त्यांच्या पाटीवर गावाचे नाव असले पाहिजे.

इमारतीविषयी एवढेच, की काँक्रीटला लाकडी महिरपींचा रंग देऊन वाड्याचे सोंग आणू नये. जुन्या घरांत खणांची, म्हणजे दोन खांबांमधील अंतरांची, मर्यादा तुळईच्या लांबीने घालून दिलेली असते. नव्या बांधणीला ती मर्यादा नसल्याने तिने मोकळेपणी रुंद, उजेडाचे आणि पायऱ्यांवाचून चालता येईल असे दालन द्यावे.

तेव्हा मामा, समई आणि वज्री अवश्य द्यावी. मात्र देताना ती कोणत्या गावची, कोण वापरी आणि घरात तिला काय म्हणत, हे मामींकडून आजच लिहवून घेऊन तो कागद वस्तूबरोबर द्यावा आणि त्याची पोच मागावी.


आपली भाची