हरकत

मनुष्याचे घर दोन वह्यांत लिहिलेले असते, ही गोष्ट त्र्यंबकेश्वरास जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसत असेल. पहिली वही तीर्थोपाध्यायांची. कोणी यजमान कुशावर्तावर स्नान करून उपाध्यांच्या ओसरीवर येऊन बसला, की त्याचे गाव व आडनाव विचारून जुने बाड काढले जाते आणि पणज्या-खापरपणज्यांची नावे त्यास वाचून दाखविली जातात. दुसरी वही नगरपरिषदेची. तीत घराचे बांधकाम, क्षेत्र, वापर आणि त्यांवरून ठरलेले करयोग्य मूल्य यांची नोंद असते. पहिल्या वहीत आपले नाव सापडले म्हणजे मनुष्य गहिवरतो. दुसरीत सापडले म्हणजे आकडा तेवढा पाहतो आणि कपाळाला आठ्या घालून निघून जातो. वस्तुतः दोन्ही वह्यांचा न्याय एकच आहे. सांगणारा सांगतो ते लिहिले जाते. तो गप्प राहिला, तर मागचेच पान पुढे चालते.

घरपट्टी हा शब्द आपल्याकडे नवा नाही. पेशवाईच्या दप्तरांतही तो आढळतो. आजची आकारणीची पद्धत मात्र इंग्रजी अमलातील असून, मुंबई इलाख्याच्या 1901 च्या जिल्हा नगरपालिका कायद्याच्या वळणाने ती 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्यात उतरली आहे. घर भाड्याने दिल्यास वाजवीपणे जे वार्षिक भाडे येईल, त्यातून दुरुस्ती वगैरेबद्दल शेकडा दहा वजा करावयाचे आणि उरेल ते करयोग्य मूल्य समजावयाचे, असा तिचा सांगाडा. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी पाऊस कसा कोसळतो हे ज्यांस ठाऊक आहे, आणि दर वैशाखात ज्यांस घर शाकारून घ्यावे लागते, त्यांनी या शेकडा दहांचे मोल काय ते मनाशी ठरवावे.

या पद्धतीत एक गमतीची गोष्ट आहे. ज्या घरात आपणच राहतो, त्याचे भाडे कोणी देत नाही व कोणी घेत नाही. ते केवळ कल्पावे लागते. कल्पनेस काही मर्यादा असावी म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 1979 साली दिवाण दौलतराय कपूर यांच्या खटल्यात असे ठरविले, की जेथे भाडेनियंत्रणाचा कायदा लागू आहे तेथे हे कल्पित भाडे त्या कायद्याने ठरणाऱ्या प्रमाण भाड्याच्या वर जाऊ नये. तरीही कल्पना ती कल्पनाच. ती करताना आकारणी करणारा शेजारच्या घराकडे पाहतो, आणि शेजारच्याची करताना आपल्या घराकडे. म्हणजे घरपट्टी ही एका घरावरची पट्टी दिसली, तरी तिच्यात साऱ्या आळीचा हिशेब गुंतलेला असतो. आपल्या नावापुढे खोटी ओळ राहिली, तर ती आपल्यापुरती राहत नाही.

अशी खोटी ओळ आमच्या वडिलोपार्जित घराच्या नावापुढे पुष्कळ वर्षे होती. रस्त्याकडील पडवीत पूर्वी एक भाडेकरू हार-फुलांचे व पूजासाहित्याचे दुकान चालवीत असे. तो गेला; पडवीला जाळी बसली; तेथे आता आमचे वृद्ध चुलते अण्णा आरामखुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचतात. दुकान गेल्याचे कोणी कचेरीस कळविले नाही, आणि न कळविता कचेरीस ते कळावे तरी कसे? पडवी कागदोपत्री बिगरनिवासीच राहिली, आणि त्या चढ्या दराने अण्णा दरसाल मुकाट्याने पट्टी भरीत राहिले. नवी आकारणी व्हावयाची होती त्या वर्षी आम्ही सुट्टीत त्र्यंबकास होतो. आकारणीची यादी लोकांस पाहण्यास खुली ठेवून हरकतींसाठी किमान तीस दिवसांची मुदत द्यावी, असे कायदा सांगतो. मुदतीत हरकत आली तर सुनावणी होते. न आली तर यादी कायम होते आणि सामान्यतः चार वर्षे तीच ग्राह्य धरली जाते. पुढे अपिलाचा मार्ग आहे, परंतु तेथे मागणीची रक्कम आधी भरावी लागते. शहाण्याने तीस दिवसांतच जागे व्हावे हे बरे.

आम्ही अर्जाची गोष्ट काढताच अण्णा म्हणाले, "देवाच्या गावात राहून चार पैशांसाठी कचेरीत जायचे का रे? लोक काय म्हणतील?" आम्ही म्हटले, "अण्णा, जो कर देणे नाही तो देत राहणे हा धर्म नव्हे." त्यावर ते काही बोलले नाहीत. रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी खरी अडचण सांगितली. "पडवी पाहायला माणूस येईल, तो पडवीतच थांबेल का?"

प्रश्न मार्मिक होता. घराच्या मागील अंगास दोन खोल्या आहेत. नारायण नागबलीचा विधी तीन दिवसांचा. त्यासाठी येणारे यजमान तेथेच उतरतात आणि निघताना काही रक्कम ठेवून जातात. यादीत मात्र त्या खोल्या निवासी होत्या. म्हणजे जेथे व्यवहार संपला होता तेथे तो लिहिलेला, आणि जेथे चालू होता तेथे लिहिलेला नाही, असा आमच्या घराचा उलटा आरसा त्या वहीत उमटला होता. पहिली ओळ खोडावयास सांगणाऱ्याने दुसरीविषयी मौन धरावे काय?

अण्णांचे म्हणणे, तो व्यवहार नव्हे. तीर्थक्षेत्री यजमानास आसरा देणे हे उपाध्याचे कर्तव्यच आहे. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. केवळ सार्वजनिक पूजेकरिता व धर्मकृत्याकरिता असलेल्या इमारतींना कायदाही सूट देतो. परंतु राहते घर आणि धर्मशाळा यांच्यामधील अशा घरांचे काय करावे, हा प्रश्न तीर्थक्षेत्रांपुढे जुनाच आहे. 1810 साली कंपनी सरकारने काशीत घरपट्टी बसविली, तेव्हा तेथील लोकांनी दुकाने बंद केली, घरे सोडली आणि हजारोंच्या संख्येने ते उघड्या मैदानात जाऊन बसले. अखेर 1811 साली सरकारला तो कर मागे घ्यावा लागला. यासंबंधीची सरकारी कागदपत्रे धर्मपाल यांनी 1971 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ती वाचून कोणाही भारतीयास अभिमान वाटेल. पण काशीकरांचा कर परक्यांनी बसविलेला होता आणि त्याचा पैसा परक्यांच्या तिजोरीत जात होता. आमच्या पट्टीतून आमच्याच गल्लीतील दिवा लागतो व गटार उपसले जाते. तेथे घर सोडून बसणे शोभत नाही. घराचे दार उघडून दाखविणेच शोभते.

आम्ही अण्णांस एवढेच विचारले, की आजोबांच्या वेळी यजमान काय देत? ते म्हणाले, "कोणी धान्य पाठवी, कोणी धोतरजोडी, कोणी काहीच नाही." "आणि आता?" अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आता खोलीचे किती, ते येण्याआधी फोनवरच विचारतात. आधी ठरते ती दक्षिणा नव्हे. लिही दोन्ही."

अर्जात दोन कलमे झाली. पहिल्यात पडवीचा बिगरनिवासी वापर बंद असल्याचे लिहून ती निवासी धरावी अशी विनंती केली. दुसऱ्यात मागील दोन खोल्यांचा खरा वापर कळविला. सुनावणीच्या दिवशी अधिकाऱ्याने अर्ज दोनदा वाचला आणि चष्म्यावरून अण्णांकडे पाहिले. "दुसरे कलम कोणी लिहायला सांगितले?" अण्णा म्हणाले, "मीच." पुढे कर्मचारी येऊन फीत लावून घर मोजून गेला. पडवी निवासी झाली, खोल्या बिगरनिवासी झाल्या. पडवी मोठी व खोल्या लहान, म्हणून बेरजेत पट्टी थोडी उतरली. त्या वर्षाची रक्कम जुन्या आकारणीप्रमाणे आधीच भरलेली असल्यामुळे फरक पुढील मागणीत वळता करण्यात आला. मागील वर्षांचे काही मिळाले नाही. त्या याद्या हरकतीवाचून कायम झालेल्या होत्या. जो परतावा पदरात पडला, त्यात एका शाकारणीची कौलेही आली नसती.

मग या खटाटोपाचे फळ काय, असे कोणी विचारील. 2011 च्या जनगणनेत त्र्यंबकची वस्ती सुमारे बारा हजार होती. आणि निवृत्तिनाथांच्या पौषातील यात्रेस, श्रावणी सोमवारी, बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थात या लहानशा गावावर लाखोंचा भार पडतो. येणारा स्नान करून जातो. पाणी, रस्ते व केरकचरा यांचा रोजचा बोजा गावाकडेच राहतो. अशा गावाच्या यादीतील प्रत्येक खोटी ओळ कोणाच्या तरी खऱ्या ओळीवर जाऊन पडते. दुकान नसता दुकानाची पट्टी भरणारा भिडस्तपणाने दंड सोसतो. खोल्यांचे पैसे घेऊन निवासी पट्टी भरणारा तोच दंड, नकळत का होईना, शेजाऱ्यावर लोटतो. अण्णांच्या एकाच घरात हे दोघेही नांदत होते.

अर्ज मंजूर झाल्याची वार्ता आळीत पसरली, तेव्हा दोघे गृहस्थ आमच्याकडून अर्ज लिहून घ्यावयास आले. दोघांनाही आमच्या अर्जातील पहिले कलम तेवढे हवे होते. आम्ही म्हटले, अर्ज आनंदाने लिहून देऊ, परंतु घर आतपर्यंत पाहिल्यावाचून लिहिणार नाही. एक गृहस्थ दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हांस न्यावयास आले. दुसऱ्यांच्या मुदतीचे अजून नऊ दिवस शिल्लक होते. त्यांची आम्ही अखेरच्या दिवसापर्यंत वाट पाहिली.