बाबांच्या आधी तीन लँडिंग

पालो आल्टोचा विमानतळ पाहिला की बडोद्याचा माणूस आधी विचारतो, "टर्मिनल कुठे आहे?" इथे मोठी विमानं येतच नाहीत. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठी, दलदलीला लागून एकच धावपट्टी आहे. लांबी २,४४३ फूट, म्हणजे जेमतेम पाऊण किलोमीटर. कडेला दोरांनी बांधलेली छोटी विमानं. आठवडाभर कोड लिहिणारे माझ्यासारखे बरेच जण शनिवारी इथे भेटतात.

यंदा नातीला बघायला आई-बाबा बडोद्याहून आले. बाबांना विमानात माझ्या शेजारी बसायचं होतं. पण घरात तान्ही मुलगी, त्यामुळे चार महिने मी उडालो नव्हतो.

"लायसन्स आहे ना तुझ्याकडे? मग अडतंय कुठे?" बाबांनी विचारलं.

इथल्या खासगी पायलटच्या लायसन्सला शेवटची तारीख नसते. दर २४ महिन्यांनी प्रशिक्षकाबरोबर उजळणी मात्र करावी लागते: किमान एक तास जमिनीवर, एक तास हवेत. प्रवासी न्यायचे असतील तर आणखी एक अट आहे. मागच्या ९० दिवसांत त्याच वर्गाच्या विमानाने तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली हवीत. दिवसा चाकं टेकवून लगेच पुन्हा उडालं तरी चालतं. रात्री न्यायचं असेल तर ती तिन्ही लँडिंग सूर्यास्तानंतर तासाभराने, पूर्ण थांबून करावी लागतात. गंमत म्हणजे एकट्याने उडायला ही ९० दिवसांची अट नाही. स्वतःचा जीव तुमचा, शेजारच्याचा नाही.

आई म्हणाली, "नियम करणारा शहाणा दिसतो. जा, आधी तुझ्या चकरा मारून ये."

परतीचं तिकीट आठ दिवसांवर होतं आणि सकाळी समुद्रावरचे ढग खाली उतरत होते. शुक्रवारी दुपारी आभाळ मोकळं झालं. चार सीटचं सेसना १७२ घेऊन मी एकटाच निघालो. उजवीकडे वळत पाण्यावरून फेरी. खाली मिठागरांचे लालसर, हिरवे तुकडे. पहिल्या फेरीत हात अंदाज शोधत होते, तिसरीत तो सापडला. नियमात तीनच का, ते मला तिथे कळलं.

शनिवारी बाबा शेजारी बसले. डोंगर ओलांडला आणि समोर थेट पॅसिफिक. हाफ मून बेच्या विमानतळावर कंट्रोल टॉवर नाही. पायलट रेडिओवर एकमेकांना आपली जागा सांगत उतरतात. उतरल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "काल गेलास ते बरं केलंस."

इकडे आलात आणि ओळखीचा पायलट "आज नको, पुढच्या आठवड्यात" म्हणाला, तर वाईट वाटून घेऊ नका. तो तुमचीच तयारी करतोय.