किती पळाली, कशी पळाली

नवी गाडी घेऊन येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘मिस्त्री, सर्व्हिसिंग किती किलोमीटरला करायचं?’ मी विचारतो, ‘गाडी रोज कुठं जाते?’ काहींना वाटतं, मी उत्तर टाळतोय. पण निम्मं उत्तर त्यांच्याच जवळ असतं, आणि ते मिळाल्याशिवाय उरलेलं निम्मं मला देता येत नाही.

कोल्हापुरात उद्यमनगराच्या बाजूला माझं गॅरेज आहे. मी शिकाऊ पोरगा होतो तेव्हा उस्तादांकडे अँबॅसिडर आणि फियाट यायच्या. ग्रीस पंप घेऊन गाडीखाली सरपटायचं, पॉइंट घासून गॅप लावायचा, टॅपेट जुळवायचे, कार्ब्युरेटर उघडून जेट फुंकायचे. गाडी थोडी पळाली की तिला हात लावावाच लागायचा. आजच्या गाडीत कार्ब्युरेटर नाही, पॉइंट नाहीत, बहुतेक ठिकाणी ग्रीस निपलही नाहीत. पेट्रोल आणि हवेचं प्रमाण ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, क्षणाक्षणाला जुळवतो. त्यामुळे नव्या गाडीचे मालक दोन टोकांना गेलेले दिसतात. एकाला वाटतं, नव्या गाडीला काही लागत नाही, वर्ष-दीड वर्ष बघायचं कारण नाही. दुसऱ्याचा जीव गाडीत अडकलेला, तो तीन हजार किलोमीटर झाले की ऑइल बदलायला येतो. दोघांनाही मी आधी गाडीचं पुस्तक उघडायला लावतो.

पुस्तकात बहुतेक गाड्यांसाठी साधारण एकच ओळ असते: 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. ही ओळ इंजिन बनवणाऱ्यांनी चाचण्या करून लिहिलेली असते आणि मी ती मानतो. पण त्याच पुस्तकात पुढे आणखी एक तक्ता असतो, खडतर वापराचा. सतत छोट्या फेऱ्या, धूळ, गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवणं, घाट, जादा ओझं. यातलं काहीही रोजचं असेल, तर ऑइल आणि एअर फिल्टर लवकर बदला, असं तिथं स्पष्ट सांगितलेलं असतं. आपल्याकडे हे रोजचं नाही अशी गाडी शोधावी लागेल. तरी तो तक्ता वाचलेला मालक क्वचित भेटतो.

माझ्याकडे एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षी घेतलेल्या दोन पेट्रोल गाड्या येतात. एक प्राध्यापक मॅडमची. राजारामपुरीतून कॉलेज, तिथून मंडई, मुलीचा क्लास, घर. एका वेळी तीन-चार किलोमीटर, मध्ये सिग्नल. दुसरी औषध कंपनीत फिरतीवर असलेल्या एका दादांची. आज बेळगाव, उद्या पुणे, परवा सोलापूर. त्यांची गाडी भराभर पळते म्हणून घरचे काळजी करतात, आणि मॅडमची कमी पळते म्हणून त्या निश्चिंत असतात. मला काळजी मॅडमच्या गाडीची वाटते.

पावसाळ्याच्या शेवटी मॅडमच्या गाडीचं ऑइलचं झाकण काढून उलटं केलं की आतून साय धरल्यासारखा पिवळट पांढरा थर दिसतो. आधी मी कूलंटची पातळी बघतो. ती जागेवर असेल आणि पुन्हा पुन्हा उतरत नसेल, तर हेड गॅस्केटची शंका बहुतेक मिटते. मग हे पाणी बाहेरचं नसतं. पेट्रोल जळलं की त्यातून पाण्याची वाफ तयार होतेच. इंजिन थंड असताना ती वाफ आणि थोडं न जळलेलं पेट्रोल पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल चांगलं तापून तसंच काही वेळ राहिलं, तर हे दोन्ही उडून जातं. पण डॅशबोर्डवरचा काटा मधोमध आला म्हणजे ऑइल तापलं असं होत नाही. तो काटा कूलंटचा असतो, आणि ऑइल त्याच्या मागून सावकाश तापतं. चार किलोमीटरमध्ये ते तापायच्या आत गाडी बंद होते. पाणी आत राहतं, आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल मारण्यासाठी ऑइलमध्ये घातलेली रसायनं वेळेआधी संपतात. दादांच्या गाडीचं ऑइल तासन्‌तास तापलेलं असतं. त्यांचं झाकण आतून स्वच्छ.

हा फरक किलोमीटरच्या आकड्यात दिसत नाही, तासांत दिसतो. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही, कारण त्याच्या ट्रॅक्टरला तासांचाच मीटर असतो आणि साधारण 250 तास झाले की तो ऑइल बदलतो. मोटारीचाही तसा हिशेब करून बघावा. शहरात सरासरी वेग ताशी 20 किलोमीटर पडला, तर 10,000 किलोमीटरला इंजिन 500 तास चालतं. हायवेवर सरासरी 60 पडली, तर तेवढ्याच अंतराला 170 तासही लागत नाहीत. मीटरवर आकडा सारखा, इंजिनाची मेहनत तिप्पट. म्हणून मॅडमच्या गाडीचं ऑइल मी सहा महिन्यांनी किंवा 5,000 किलोमीटरला बदलतो, आणि आठवड्यातून एकदा जोतिबाला नाहीतर कागलपर्यंत जाऊन यायला सांगतो. दादांना 10,000 किलोमीटरच्या आत ऑइलला हात लावू देत नाही.

काही जण डिपस्टिक काढून बोटावर ऑइल घेतात आणि म्हणतात, ‘काळं पडलंय, बदला.’ रंगावरून निकाल देऊ नये. ऑइलमधली साफ करणारी रसायनं काजळी धरून ठेवतात, म्हणूनच ते काळं होतं. डिझेल इंजिनात तर नवं ऑइल काहीशे किलोमीटरमध्येच काळं होतं. काळं ऑइल पुष्कळदा आपलं काम करत असतं.

डिझेल गाडीत बघायची गोष्ट वेगळी आहे. 1 एप्रिल 2020 पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-6 नियम आले, आणि नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. काजळी साठली की इंजिन जादा डिझेल सोडून ती जाळून टाकतं. हायवेवर हे आपोआप पार पडतं. शहरात मधेच गाडी बंद झाली की जाळणं अर्धवट राहतं, आणि त्यासाठी सोडलेल्या डिझेलपैकी काही ऑइलमध्ये उतरतं. अशा गाडीची डिपस्टिक ओढली की पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसते. लोकांना वाटतं, बरंच आहे, ऑइल खात नाही. तो पातळ झालेल्या ऑइलचा इशारा असतो. तिथं किलोमीटर न मोजता ऑइल बदलावं, आणि ते पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच घालावं. साध्या डिझेल ऑइलमधल्या राखेनं डीपीएफ कायमचा तुंबतो, आणि तो बदलायचा खर्च ऐकला की माणूस खाली बसतो.

इथवर झालं ते किती दिवसांनी. आता किती खोलवर, ते बघू. या बाबतीत मला मनापासून वाईट वाटतं, कारण आजचं सर्व्हिसिंग पुष्कळदा वस्तूंच्या यादीवर चालतं. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसीचा फवारा, चकाकी आणणारा लेप. दोन वर्षांच्या, व्यवस्थित चालणाऱ्या गाडीला यातलं बहुतेक काही लागत नाही. यादीतली प्रत्येक गोष्ट बिलात दिसते. चाक काढून आत डोकावण्यात गेलेला वेळ बिलात दिसत नाही, म्हणून तो आधी कापला जातो.

ब्रेकचंच घ्या. पुढच्या अलॉय व्हीलच्या फटीतून बॅटरी मारली की पॅड दिसतो. सहा मिलिमीटर लायनिंग आहे, पुष्कळ आहे, असं म्हणून जॉब कार्डवर टिक होते. पण फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. आतला बघायला चाक उतरवून कॅलिपर सोडावा लागतो. कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. पावसाचं पाणी आणि चिखल रबरी बुटातून आत गेलं की एखादी पिन अडकते, आणि सगळा भार आतल्या पॅडवर येतो. बाहेर सहा मिलिमीटर आणि आत दोन, अशा जोड्या मी अनेकदा हातात धरल्यात. पिन ओढून काढायची, जुनं सुकलेलं ग्रीस पुसायचं, पिन डोळ्यांसमोर फिरवून गंज बघायचा, ब्रेकचं खास ग्रीस लावून परत बसवायची आणि ती बोटानं सहज सरकते का बघायचं. एकही पार्ट बदलला नाही, तरी त्या चाकाचं सर्व्हिसिंग झालं.

ब्रेक ऑइलचंही तसंच. ते हवेतलं पाणी हळूहळू ओढून घेतं. डॉट-4 ग्रेडचं ऑइल नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही मर्यादा 155 अंशांपर्यंत उतरू शकते. गावात हा फरक कधीच कळत नाही. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर असला की कॅलिपर तापतो, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल खाली जातं. गाडी किती कमी पळाली याच्याशी याचा संबंध नाही. हे काम वर्षांवर मोजायचं, आणि बहुतेक गाड्यांना दोन वर्षांनी ते बदललेलं बरं.

गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागून रोज जाणाऱ्या गाड्यांचे एअर फिल्टर मी लवकर बघतो. पण कॉम्प्रेसरनं दर वेळी जोरात हवा मारून फिल्टर साफ करणं हे त्याचं आयुष्य घालवणं आहे. कागदाला बारीक भोकं पडतात, आणि त्यातून गेलेली धूळ सिलिंडर घासते. फार भरला असेल तर सरळ नवा घालावा. उजेडात धरून बघितल्यावर ठीक दिसला तर हलके झटकून परत बसवावा.

गरज नसताना उघडणं हेही नुकसानच. ऑइलच्या चेंबरचा ड्रेन बोल्ट पुष्कळ गाड्यांत अॅल्युमिनियमच्या आट्यांत बसतो. बहुतेक छोट्या गाड्यांत तो साधारण 30 ते 40 न्यूटन-मीटरवर आवळायचा असतो, म्हणजे लांब पान्याला लोंबकळायचं काम नाही. दर वेळी नवा वायसर आणि टॉर्कचा पाना, हा माझ्या पोरांना घातलेला दंडक आहे. ज्या बोल्टला दहा हजारांनी हात लागायला हवा, त्याला तीन हजारांनी लावला की आटे जाण्याची शक्यता तिपटीनं वाढते आणि इंजिनाला त्यातून काही मिळत नाही.

वॉरंटी चालू आहे तोवर कंपनीच्या वेळापत्रकातलं एकही सर्व्हिसिंग चुकवू नका, बिलं जपून ठेवा. मी बाहेरचा गॅरेजवाला असूनही हे सांगतो. फक्त तिथं गाडी देताना दोन वाक्यं जादा बोला: चारही चाकं काढून ब्रेक बघा, आणि पॅडची जाडी, टायरची खोली, बॅटरीची तपासणी आकड्यांत लिहून द्या. टिकमार्क घेऊ नका, आकडे घ्या. मागच्या वर्षी पॅड आठ मिलिमीटर होता, आता सहा आहे, हे कळलं की पुढचं केव्हा बघायचं ते तुमचं तुम्हालाच ठरवता येतं.

वॉरंटी तीन-पाच वर्षांची असते, आणि खासगी गाडीचं आरसी बुक पंधरा वर्षांचं. काही पुस्तकांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभर बदलायची गरज नाही असं लिहिलेलं असतं. ते आयुष्य कुणाच्या हिशेबानं धरलंय, हे मालकानं स्वतःला विचारावं. पाच वर्षांत गाडी विकणाऱ्याला ते चालेल. त्याच्याकडून कर्ज काढून ती घेणाऱ्या पोराला मात्र पुढची दहा वर्षं त्याच गिअरबॉक्सवर संसार चालवायचा असतो. गाडी पहिल्या मालकाच्या हातात कशी जगली, हे सातव्या-आठव्या वर्षी माझ्या लिफ्टवर कळतं, आणि तेव्हा त्याची किंमत पहिला मालक देत नाही. म्हणून सर्व्हिसिंगचं अंतर गाडीच्या रोजच्या वाटेवरून ठरवा, खोली नीट बघण्यावर ठरवा, आणि बघण्याची मजुरी मिस्त्रीला आनंदानं द्या.