गच्चीवरून परक्या रिंगणात

आमच्या इमारतीतली एक मुलगी ऑफिसच्या कामाला लिस्बनला निघाली, तेव्हा बॅग भरायच्या आधी तिचं कापोएराचं, म्हणजे ब्राझीलच्या त्या नाचत खेळायच्या लढतीचं, वेळापत्रक तयार होतं. कुठल्या संध्याकाळी कुठल्या गटाचा वर्ग, रविवारी रिंगण कुठल्या चौकात, पाहुण्यांना फी किती, सगळं फोनमध्ये. तिथल्या शिकवणाऱ्याने तिचे व्हिडिओ आधीच पाहिले होते आणि 'डावी बाजू कच्ची आहे, त्यावर काम करू' असा निरोपही धाडला होता. "काकू, तुमच्या वेळी हे सगळं कसं जमवायचात?" तिने विचारलं. जमवायचं कसलं, निघायचं आणि तिथे जाऊन बघायचं!

आमची वेळ म्हणजे काही फार जुनी नव्हे, २००५-०६चा सुमार. बंगळूरच्या जयनगरात मेट्रो यायची होती. नंदा टॉकीजच्या रस्त्याने लक्ष्मणराव पार्कच्या कडेकडेने भर दुपारीसुद्धा सावलीतून चालता यायचं. २००९ मध्ये मेट्रोसाठी तिथल्या झाडांवर कुऱ्हाड आली तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, मीही दोन संध्याकाळी जाऊन उभी राहिले. २०१७च्या जूनमध्ये गाडी सुरू झाली आणि तिच्यातून मी आज आरामात फिरते, तेव्हा फार गळे काढायचा हक्क मला नाही.

मी फोर्थ टी ब्लॉकमध्ये भाड्याने राहायचे. घरमालकीण आजींची गच्ची हाच आमचा आखाडा. उन्हाळ्यात अर्ध्या गच्चीवर त्यांचे संडिगे, म्हणजे सांडगे, वाळत असायचे आणि उरलेल्या अर्ध्यात आम्ही चार-पाच जण पाय फिरवायचो. लाथ पूर्ण गोल मारायची तर पाऊल संडिग्यांच्या धोतरावरून जाणार, म्हणून ते उंचच ठेवावं लागे. माझी लाथ आजही उंच जाते, त्याचं श्रेय त्या धोतराला. आजी जिन्यात बसून "निधान कणम्मा, निधान" (सावकाश गं, सावकाश) म्हणत राहायच्या. आमच्याकडे मेस्त्रे, म्हणजे गुरू, नव्हता. एकाने 'टेकन ३'मधला एडी गोर्डो बटणं बडवून पाठ केलेला, दुसऱ्याकडे 'ओन्ली द स्ट्राँग' या सिनेमाची घासलेली सीडी. मी सांगलीत लहानपणी दोरीचा मल्लखांब केलेला, त्यामुळे उलटं व्हायची भीती तेवढी मेलेली होती. कधीमधी कुणी ब्राझिलियन किंवा परदेशात शिकून आलेला माणूस शहरात उगवला की त्याला रिक्षात घालून गच्चीवर आणायचं. तो आमचं पाहून कपाळाला हात लावायचा आणि जिंगापासून, म्हणजे त्या सततच्या डुलत्या पवित्र्यापासून, पुन्हा सुरू करायला लावायचा.

वाद्याची गोष्ट त्याहून मजेची. कापोएरात वाद्याशिवाय खेळच सुरू होत नाही, आणि त्यात बेरिंबाऊ मुख्य: धनुष्यासारखी वाकवलेली काठी, तिला ताणलेली एक तार आणि खाली बांधलेला पोकळ भोपळा. ब्राझीलमध्ये काठी बिरिबाच्या लाकडाची असते. आम्ही बांबू बझारातून नीट वाळलेला बांबू आणला. तार जुन्या टायरच्या कडेतून काढतात हे वाचलं होतं, म्हणून जे. सी. रोडवरच्या भंगारवाल्याकडे गेलो. त्याने रबर सुरीने सोलून आत गुंडाळलेली पोलादी तार ओढून दिली, आणि "कशाला हवी?" याचं उत्तर ऐकून पैसे घेतले नाहीत. भोपळा मात्र मी मिरजेहून आणला. तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीत माळ्यावर मोठमोठे भोपळे टांगलेले असतात. त्यातला सगळ्यात लहान मागितल्यावर कारागीर म्हणाले, "बाई, याचा तंबोरा कुठला, फार तर एकतारी होईल." मग मी चित्र काढून दाखवलं. त्यांनी भोपळ्याचं तोंड कापलं, आतला गर खरवडला, कड पॉलिश पेपरने घासून दिली आणि बोटाने टिचकी मारून कानाशी धरला. मान हलवली तेव्हा कुठे माझ्या हातात दिला. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला पहिल्यांदा ती टिचकी आठवली. तारेवर दाबायला नाणं लागतं, ते आजींनी देवघराच्या खणातून काढून दिलं, जुनं, जाड, राजाचं तोंड असलेलं. भोपळ्याचं तोंड पोटाला टेकवलं की आवाज घुसमटतो, दूर नेलं की मोकळा होतो. सगळी करामत त्या दोन-तीन इंचांत.

हे धूड घेऊन परदेशी जायचं म्हणजे जुन्या एचएएल विमानतळावर तमाशा ठरलेला. काठी साडेचार-पाच फूट, तार पोलादाची. एकदा सुरक्षेवरच्या जवानाने "बाण कुठाय?" असं अगदी गंभीरपणे विचारलं. वाजवून दाखवल्यावर त्याने आणखी दोघांना बोलावलं. २००८च्या मे महिन्यात विमानतळ देवनहळ्ळीला गेला. आता तर बेरिंबाऊच तीन तुकड्यांत सुटं होतं नि बॅगेत मावतं. कुणी काही विचारत नाही.

परक्या गावात रिंगण शोधायचं साधन तेव्हा एकच, ऑर्कुट हे सोशल नेटवर्क. गूगलने ते २००४ साली काढलं आणि जगात ते सगळ्यात जास्त उचललं कुणी, तर ब्राझीलने आणि आपण. त्यामुळे मी फ्रँकफर्टला गेले तेव्हा तिथल्या कापोएराचा पत्ता मला जर्मनांकडून नाही, साल्वादोरच्या एका माणसाकडून कळला. शब्दकोश पुढ्यात ठेवून जुळवलेल्या पोर्तुगीजमध्ये मी विचारलेलं, त्याने तसल्याच इंग्रजीत सांगितलेलं. ऑर्कुट २०१४च्या सप्टेंबरात बंद झालं. पत्ता घेऊन मी एका शाळेच्या व्यायामशाळेशी पोचले, तर दाराला कुलूप, शाळेला सुट्टी. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, तर दार उघडं आणि आतून बेरिंबाऊचा आवाज.

गेल्या गेल्या खेळायला मिळत नाही. कडेला उभं राहून टाळ्या द्यायच्या, गाण्याचं पालुपद उचलायचं. मग कुणीतरी हातात पांडेरो, म्हणजे त्यांची खंजिरी, देऊन बघतं ताल सुटतोय का. "कुणाकडे शिकलीस?" हा प्रश्न येतोच. कुठलाच मेस्त्रे नाही, बंगळूरच्या जयनगरातली गच्ची, असं सांगितल्यावर हशा पिकला. पण त्या हशातच मला बेरिंबाऊच्या पायथ्याशी बसवलं. समोर पन्नाशीचा एक सावकाश माणूस. हात मिळवला, दोघं चाक मारून आत शिरलो. तो काहीच करत नव्हता, नुसता डुलत होता, हसत होता. मी लाथ टाकली, तो कमरेतून खाली गेला, आणि माझा जमिनीवरचा पाय कधी निघाला ते मला खाली बसल्यावर कळलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्याच्यासाठी नव्हे, मी हसत उठले म्हणून. पुढच्या खेपेला मी मल्लखांबातली एक उलटी उतरंड जमिनीवर वापरली. ती त्याने कधी पाहिलेली नव्हती. तो अर्धं पाऊल मागे सरकला. तेवढ्यावर माझा तो सबंध मुक्काम गोड झाला.

त्या उन्हाळ्यात त्यांनी मला गावच्या जत्रेतल्या कार्यक्रमातही उतरवलं. पांढऱ्या विजारी, हातात काठ्या घेऊन माकुलेले नाच आणि मग खेळ. निवेदकाने माईकवरून जाहीर केलं की ही मंडळी थेट ब्राझीलहून आली आहेत. त्यात एक पोलिश सुतार होता, एक तुर्की विद्यार्थिनी होती आणि सावळा रंग पाहून ज्यांच्याकडे सगळे कॅमेरे वळले, त्या सांगलीच्या बाई होत्या.

खेळ पाठीवर टाकून परमुलखात जायची रीत ब्राझीलमध्ये आणि आपल्याकडे, दोन्हीकडे जुनी. ज्या ब्राझीलने १८९०च्या दंडसंहितेत कापोएरा खेळणाऱ्याला तुरुंग लिहून ठेवला होता, तिथेच मेस्त्रे बिंबांच्या शाळेला १९३७ साली सरकारमान्यता मिळाली. १९६६ साली पंच्याहत्तरी ओलांडलेले मेस्त्रे पास्तिन्या डकारच्या कृष्णवर्णीय कला महोत्सवाला गेले. ज्या आफ्रिकेतून पूर्वजांना बेड्या घालून आणलं, तिथे ते पाहुणे म्हणून उतरले. २०१४ मध्ये कापोएराचं रिंगण युनेस्कोच्या यादीत आलं. आपल्याकडे १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवायला गेलं होतं. त्या मुलांना तिथलं कोण ओळखत होतं? आणि आता उलटी वाट आहे. दादरला शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांच्याकडे परदेशी पोरं मल्लखांब शिकून गेली. २०१९ साली पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा त्याच मैदानावर झाली, २०२४ साली देशपांडे सरांना पद्मश्री मिळाली.

आजचं शिक्षण आमच्यापेक्षा सरस आहे, यात वाद नाही. आता ब्राझीलचे मेस्त्रे भारतात येतात, बातिझादो, म्हणजे दीक्षेचा सोहळा, करून पोरांच्या कमरेला दोऱ्या बांधतात, चुकीचं वळण आठवड्यात सुटतं. आमची वळणं सुटायला वर्षं गेली आणि माझ्या गुडघ्यांनी त्याचं बिल भरलं. मला खटकतो तो कॅमेरा. कापोएराचा प्राण चकव्यात. तुम्ही कोण, काय येतं, डावं कच्चं की उजवं, हे समोरच्याला ठाऊक नसणं हीच खेळाडूची पुंजी. अनोळखी म्हणून रिंगणात उतरण्यात अर्धा खेळ आपोआप व्हायचा. आता विमानात बसायच्या आधीच डावी बाजू जगजाहीर. शिवाय खेळच पंधरा सेकंदांच्या मापाने आखडलाय. हवेतली कोलांटी चित्रात छान दिसते म्हणून सगळे हवेत. जमिनीलगतचा संथ, खोडसाळ खेळ, ज्याने मला फ्रँकफर्टला खाली बसवलं, तो चित्रात दिसतच नाही, मग तो खेळायचा कुणी?

रविवारी सकाळी आमच्या ब्लॉकच्या बागेत ही मुलं जमतात. मी लाथा मारत नाही आता, मिरजेच्या भोपळ्याचं बेरिंबाऊ वाजवते. रिंगणात जाड आवाजाच्या बेरिंबाऊला, गुंगाला, मान असतो. तो म्हणेल ती लय. पोरं फोन झाडाच्या खोडाला टेकवून उभे करतात आणि "काकू, जरा फास्ट घ्या ना" म्हणून मागे लागतात. मी घेत नाही. चरफडतात बिचारी, पण संथ लयीत कोलांटी मारता येत नाही, खाली वाकावंच लागतं.