खडकावरचा पहारेकरी

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. आपली ओळख कयाधू नदीशी, सिद्धेश्वर धरणाशी आणि बाजारात मिळणाऱ्या रोहू, कटला, मरळ या माशांशी. म्हणूनच काही वर्षांपूर्वी सुट्टीत मी पहिल्यांदा मालवणला गेलो, तेव्हा समुद्र पाहून तुमच्याएवढा लहान झालो.

मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ, उथळ पाण्यात प्रवाळ आहेत. ते दगडासारखे दिसतात. पण असंख्य चिमुकल्या जिवांनी मिळून बांधलेली ती वस्ती असते. १९८७ साली येथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. डोळ्यांवर पाणचष्मा चढवून आणि श्वासाची नळी तोंडात धरून मी पाण्यात उतरलो. नावाड्याने पावाचे तुकडे टाकताच माशांची झुंड धावून आली. तळहाताएवढे मासे, पाठीवर पिवळी झाक आणि अंगावर पाच काळे उभे पट्टे! सैनिकाच्या बाहीवर असतात तशा या पट्ट्यांमुळे त्याला 'सार्जंट मेजर' हे नाव पडले आहे.

सारे मासे पावावर तुटून पडले. एक मात्र आला नाही. तो जवळच्या खडकापाशीच घिरट्या घालत होता. त्याचा रंगही इतरांपेक्षा निळसर होता. मला नवल वाटले. मी जवळ गेलो, तर पळून जाण्याऐवजी तो थेट माझ्या चष्म्यावर धावून आला! मी मागे सरलो, तसा तो परत गेला. मी पुन्हा पुढे झालो, तो पुन्हा चालून आला.

वर आल्यावर मी हसत हसत ही गोष्ट नावाड्याला सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, "थंय तेची अंडी आसत, सर." म्हणजे, तिथे त्याची अंडी आहेत.

मुलांनो, तो नर होता. या जातीचा नर आधी खडकाचा एक भाग स्वच्छ करतो. मादी तेथे अंडी चिकटवते आणि निघून जाते. मग काही दिवस नर तेथून हलत नाही. तो परांनी अंड्यांना वारा घालावा तसे ताजे पाणी घालतो. खराब झालेली अंडी काढून टाकतो. अंडी खायला टपलेल्या माशांना हुसकावून लावतो. अंडी फुटली की पिल्ले प्रवाहाबरोबर दूर निघून जातात. बाप त्यांना ओळखत नाही आणि ती बापाला ओळखत नाहीत. तरीही समोर पाव असताना तो जागचा हलला नव्हता.

नावाड्याचे बोलणे ऐकून मला माझे लहानपण आठवले. मी सातवीत होतो. पावसाळ्याचे दिवस होते. नदीच्या एका डोहात पाण्यावर तांबूस पिल्लांचा पुंजका दिसला. ती मरळीची पिल्ले होती. मरळ आपल्या पिल्लांखाली पहारा देते आणि जवळ येईल त्यावर झडप घालते, हे आम्हां मुलांना ठाऊक होते. चुलतभावाने गळाला बेडूक लावून तो पुंजक्याजवळ सोडला. क्षणात मोठी मरळ गळाला लागली. आम्ही नाचतच घरी आलो.

रात्री जेवताना अब्बांनी विचारले, "ही पिल्लांजवळ होती का?"

मी ऐटीत "हो" म्हणालो.

अब्बा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "मग आता पिल्लांजवळ कोण आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच डोहावर गेलो. पुंजका कुठेच नव्हता. त्या जागी काठावर एक बगळा उभा होता.

मासे खाणे वाईट नाही. मीही आवडीने खातो. पण ती मरळ भुकेने आमच्या गळाला लागली नव्हती. ती पिल्लांना सोडून पळाली नाही, म्हणून सापडली. तिच्या धाडसाचाच आम्ही गळ केला होता.

मित्रांनो, पावसाळ्यात तुम्हीही नदीवर जाल. पाण्यावर तांबूस पुंजका हलताना दिसला, तर जरा थांबा. त्याखाली कोणीतरी पहाऱ्यावर असेल. आपला गळ गुंडाळा आणि दुसरीकडे जा. मला ते तेव्हा जमले नाही, तुम्हांला जमेल.